अडलेले पाणी आणि हाती आलेला वेळ



इतिहासावर बोलायला माझ्यासारख्या माणसाला बोलावले, याचे प्रथम मलाच नवल वाटले. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण सोलापुरात सूतगिरणीच्या रात्रपाळीत आणि कामगारांच्या वाचनालयात झाले. वाचनालयातली निम्मी पुस्तके पाने फाटलेली असत. त्यामुळे पुष्कळ गोष्टींचा शेवट मला माहीत आहे, पण सुरुवात ठाऊक नाही, अशी माझी विद्या आहे. ती पदरी घेऊनच मी आज उभा आहे.

विषय मी निवडला आहे तो गोठलेल्या नद्यांना येणाऱ्या पुरांचा. आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. तेरणेच्या काठच्या माणसांना बर्फाचे काय सांगता? आपण बर्फ पाहिला तो उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर, किंवा २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने उभी पिके झोपवली तेव्हा. पण थोडा धीर धरा. बर्फाची ही गोष्ट फिरत फिरत आपल्याच दाराशी येणार आहे.

नदी गोठते म्हणजे काय होते ते प्रथम पाहू. पाणी थंड होत चार अंशांपर्यंत उतरले की ते सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की उलट हलके होऊ लागते, आणि बर्फ तर पाण्याहून हलकाच. म्हणून नदी तळापासून गोठत नाही, वरून गोठते. आधी काठाशी संथ पाण्यावर पापुद्रा धरतो. मधल्या धावत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्या चकत्या होतात, चकत्यांचे तक्ते होतात आणि शेवटी सारी नदी झाकली जाते. खाली पाणी वाहतच असते. थंड देशांत अशा नदीवरून माणसे चालतात, घोडागाड्या जातात.

धोका दोन वेळा येतो. एकदा नदी गोठताना आणि एकदा ती मोकळी होताना. दुसरा धोका अधिक मोठा. वसंतात वरच्या भागात ऊन पडते, बर्फ फुटतो, त्याचे वाड्याएवढे तुकडे प्रवाहाबरोबर निघतात. खालच्या भागात अजून नदी घट्ट गोठलेली असते. एखादे वळण, एखादे बेट, एखादा उथळ भाग किंवा पुलाचा खांब आला की पहिला तुकडा अडतो, त्यावर दुसरा चढतो, तिसरा त्याखाली शिरतो. पाहता पाहता नदीच्या पात्रात बर्फाचा बांध उभा राहतो. तो कोणत्या अभियंत्याने आखलेला नसतो, त्याला सांडवा नसतो, दरवाजा नसतो. मागचे पाणी चढत जाते आणि काठच्या गावात शिरते. मग केव्हा तरी बांध फुटतो आणि खालच्या गावावर पाणी आणि बर्फ दोन्ही एकदम येतात. सैबेरियातली लेना नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणजे तिचा वरचा भाग आधी वितळतो आणि खालचा मागाहून. २००१ सालच्या मे महिन्यात लेन्स्क गावाजवळ असा बांध साचला, तेव्हा तो फोडण्यासाठी रशियन सरकारने विमानांतून बाँब टाकले. तरीही गाव बुडाले आणि पुन्हा नव्याने बांधावे लागले.

आता जरा मागे जाऊ. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट ही पूर्वी एक नव्हती. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर डोंगराळ बुदा आणि दुसऱ्या तीरावर सपाट पेश्त, अशी दोन शहरे होती. ती एकत्र झाली १८७३ साली. १८३७-३८ चा हिवाळा फार कडक गेला. डॅन्यूब गोठली. शहराच्या खाली चेपेल नावाचे मोठे बेट आहे. तिथे नदी दोन फाट्यांत विभागते, उथळ होते, आणि तिथेच बर्फ अडून बसला. पाणी चढत आहे हे पेश्तच्या लोकांना दिसत होते. त्यांनी काठाने बांध घातले होते. १३ मार्च १८३८ रोजी बर्फ हलला. संकट टळले असे लोकांना वाटले. पण तो पुढे जाऊन पुन्हा अडकला, आणि त्याच रात्री बांध फोडून पाणी शहरात शिरले. १५ मार्चला ते सर्वांत उंच चढले.

पेश्तमध्ये त्या वेळी ४,२५४ घरे होती. त्यांतली २,२८१ कोसळली. पन्नास हजारांवर माणसे उघड्यावर आली आणि सुमारे दीडशे दगावली. मिक्लोश वेशेलेन्यी नावाचा एक सरदार होडी घेऊन रात्रंदिवस लोकांना बाहेर काढत फिरला. त्या देशात आजही त्याची आठवण पुराशी जोडून काढतात. फ्रान्झ लिस्ट या मोठ्या वादकाने व्हिएन्नात मैफली करून पूरग्रस्तांसाठी पैसे उभे केले.

परंतु मला आपले लक्ष वेधायचे आहे ते घरांकडे. कोणती घरे पडली? भाजक्या विटांची, दगडी पायाची घरे पाण्यात उभी राहिली. पडली ती कच्च्या मातीच्या विटांची घरे. गरिबांच्या एका उपनगरात पाचशेहून अधिक घरे होती, त्यांतली धड उरली ती वीसदेखील नव्हती. पाणी भिंतीच्या पायाशी आले, माती विरघळली आणि वरचे छप्पर आतल्या माणसांसह खाली बसले. म्हणजे बर्फाने पाणी अडवले, पाण्याने भिंत भिजवली, पण माणूस मेला तो भिंतीने. पूर ओसरल्यावर त्या शहराने बांधकामाचे नवे नियम केले. पाया कसा घ्यावा, वीट कोणती वापरावी हे ठरवून दिले. आज पेश्तचे जे सुंदर रूप प्रवासी पाहतात, त्याचा पाया त्या पुरानंतर घातला गेला.

सास्तूरच्या श्रोत्यांना मी हे का सांगतो आहे हे आपण ओळखले असेल. पण तिकडे वळण्याआधी आपल्या देशातली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

बर्फाऐवजी डोंगराचा कडाच नदीत कोसळला तर काय होते, हे गढवालच्या लोकांनी पाहिले आहे. १८९३ च्या सप्टेंबरात अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेच्या खोऱ्यात, गोहना गावाजवळ, एक प्रचंड कडा सुटून खाली आला आणि त्याने नदी अडवली. सुमारे नऊशे फूट उंचीचा तो बांध होता. मागे तलाव भरू लागला. खाली बद्री-केदाराच्या वाटेवरची गावे, श्रीनगर हे जुने शहर, आणि त्याखाली हरिद्वार. पुलफोर्ड नावाच्या अभियंत्याने जागा पाहिली, मोजमापे घेतली आणि सांगितले की हा बांध आता कोसळणार नाही, पण पुढल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, पाणी त्यावरून वाहील आणि मग तो फुटेल.

मग काय केले? गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारायंत्राची लाईन टाकली. तलावावर माणसे पहाऱ्याला बसवली. दरीत पाणी कुठवर चढेल त्याचा अंदाज बांधून डोंगराच्या उतारावर खांब उभारले, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावे की या खुणेच्या वर गेलो की मी वाचलो. झुलते पूल आधीच सोडवून ठेवले. यात्रेकरूंचा मार्ग वळवला. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री तो बांध फुटला. श्रीनगर शहर पार धुऊन निघाले. आणि माणसे किती मेली? पाच. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांनाही बाहेर काढले होते, पण ती परत गेली.

पेश्तला वेळ मिळाला होता, तो बांधावर विश्वास ठेवण्यात गेला. गोहन्याला जवळजवळ वर्षभराचा वेळ मिळाला, त्याचा एकेक दिवस कामी लावला. अडलेल्या पाण्याचा हा एक गुण आहे. ते धमकी देते. एकदम येत नाही. बर्फाने अडो, दरडीने अडो, पाणी चढायला तास लागतात, दिवस लागतात, कधी महिने लागतात. त्या मिळालेल्या वेळाचे माणसे काय करतात, यावरच मेलेल्यांचा आकडा ठरतो.

हेच आपल्या महाराष्ट्रात उलट्या बाजूने घडले. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधण्याचे काम चालू होते. १९६१ च्या पावसाळ्यात ते काम पुरे व्हायच्या आतच भरले. बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते. त्यांनी धरण वाचवले नाही, पण रात्र काढून दिली, ही केवढी मोठी गोष्ट आहे! अंधारात फुटले असते ते धरण १२ जुलैच्या सकाळी फुटले. पाणी खडकवासल्यात आले आणि तेही जुने धरण त्या दिवशी फुटले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. माझे म्हणणे एवढेच आहे की रात्रभर धरणावर जे दिसत होते, ते सकाळी कामावर निघालेल्या, शाळेत निघालेल्या पुणेकराला कळलेले नव्हते. पोती वाहणाऱ्या जवानांनी कमावलेला वेळ शहराच्या हाती पोहोचलाच नाही.

असे का होते? सत्तेवरची माणसे दुष्ट असतात म्हणून, असे सोपे उत्तर मी देणार नाही. मी एक लहानसा अनुभव सांगतो. मी ज्या गिरणीत उमेदवारी केली तिथे बॉयलरवर एक वयस्क कामगार होता. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काच असते. तिच्यात पाणी खाली गेले आणि आग तशीच राहिली तर काय होते हे सांगायला नको. एका रात्री काचेत पाणी दिसेना. त्याने कोणाला विचारले नाही. आग ओढून बाहेर काढली आणि भोंगा दिला. साऱ्या पाळीचे लोक मैदानात धावले. काही फुटले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती नोटीस आली. परवानगीवाचून उत्पादन बंद पाडले, घबराट पसरवली. दोन महिने त्याचा पगार बंद होता. युनियनने भांडून त्याला परत घेतले, पण नोटिशीचा कागद त्याने शेवटपर्यंत जपून ठेवला होता. मला दाखवून तो म्हणाला, "बाळ, फुटलं असतं तर माझा पुतळा उभारला असता. फुटलं नाही म्हणून मी गुन्हेगार!"

बंधुभगिनींनो, ज्या इशाऱ्याने माणसे वाचतात तो इशारा मागाहून नेहमी खोटाच वाटतो. म्हणून वरचा अधिकारी थांबतो, त्याच्या वरच्याला विचारतो, आणि तोवर काचेतले पाणी संपते. गोहन्याला तसे झाले नाही, कारण तिथे इशारा देणे हेच ज्याचे काम होते तो माणूस जागेवर बसलेला होता, त्याच्या हाताशी तार होती, आणि ऐकणाऱ्याला कुठे पळायचे ते आधी ठाऊक होते. या तीन गोष्टींपैकी एक जरी निघाली तरी उरलेल्या दोन निकामी होतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या गणपतींचे विसर्जन करून माणसे नुकतीच निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे घडले ते मी सांगावे असा माझा अधिकार नाही. या मंडपात अशी वडीलधारी माणसे बसली आहेत की ज्यांनी आपल्या हातांनी आपल्या लेकरांना मातीतून काढले. मी त्या वेळी तेविशीत होतो. गिरणी कामगारांनी जमवलेले धान्य आणि घोंगड्या घेऊन आमचा ट्रक इकडे आला होता. आम्ही दगड उपसायला हात लावला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "हळू लेकरांनो, खाली चूल हाय माझी." चुलीपाशी कोण होते ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत सरकारी हिशेबाने सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाने घटकेचा वेळ दिला नाही. विज्ञान आजही भूकंपाचा दिवस आणि घटका सांगू शकत नाही. १९९२ सालीच किल्लारीच्या परिसरात जमीन अनेकदा हादरली होती, पण पुढे काय येणार आहे ते त्यावरून कोणी नेमके सांगू शकले नसते. इथे तार निरुपयोगी, भोंगा निरुपयोगी.

पण वेळ दोन प्रकारचा असतो. एक घटकेचा वेळ, जो पळून जाण्यासाठी असतो. दुसरा वर्षांचा वेळ, जो भिंत बांधण्यासाठी असतो. पेश्तच्या मातीच्या भिंती पुराच्या रात्री बदलता येणार नव्हत्या, त्या आधीच्या पन्नास वर्षांत बदलता आल्या असत्या. आपल्याकडे भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या. दिसायला गढीसारख्या. पण बाहेरचा दगडी थर आणि आतला दगडी थर वेगळा, मध्ये माती आणि चुरा, आणि दोन्ही अंगांना एकमेकांशी बांधून ठेवणारे आरपार लांब दगड फारच थोडे. डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. जमीन हलली तेव्हा दोन थर एकमेकांपासून फुटले आणि माळवद खाली आले. कुडाच्या, पत्र्याच्या, हलक्या छपराखाली निजलेले पुष्कळ जण वाचले. पेश्तला गरिबाचे घर पडले आणि श्रीमंताचे उभे राहिले, आपल्याकडे बरेच ठिकाणी उलट झाले. यावरून एवढेच दिसते की निसर्ग गरीब-श्रीमंत पाहत नाही, तो भिंत पाहतो. कोणाच्या वाट्याला कोणती भिंत यावी, हे मात्र आपण माणसे ठरवतो.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसली. नव्या घरांच्या भिंतींतून सिमेंटच्या पट्ट्या फिरवल्या गेल्या. गवंड्यांना कोपरा कसा बांधावा ते पुन्हा शिकवावे लागले. हा आपला पेश्तसारखाच धडा, आणि फार महाग पडलेला. त्या पट्टीचे महत्त्व आज तिशीत असलेल्या तरुणाला कळते का? नवी खोली वाढवताना तो पट्टी घालतो, की दोन हजार रुपये वाचवतो? माझा प्रश्न इतकाच आहे, आणि तो प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन भिंतीला विचारावा.

आणि पाण्याचे काय? आपली तेरणा गोठत नाही. पण अडते. नदीवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे असतात. पावसाळा संपताना त्यांत बरगे बसवून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यायचे, असा नियम आहे. ते वेळेवर निघाले नाहीत तर वाहून आलेल्या बाभळी, ऊस, कचरा त्यांना अडतो, मागे पाणी चढते, आणि नदी बंधाऱ्याला वळसा घालून शेजारच्या शेताचा मळा कापत निघते. डॅन्यूबच्या चेपेल बेटापाशी बर्फाने केले तेच इथे आपल्या हातची फळी करते. लहान पुलाच्या नळ्यांत झाडाचे बुंधे अडकले तरी तेच. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात, भूम-परंड्याकडे, पुराने घरे घेतली, जनावरे घेतली आणि शेतातली काळी माती खरवडून नेली. माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. हे दुष्काळी मुलखात झाले. दुष्काळी म्हणून आपल्याला पुराची भीती नाही, हा आपला पेश्तच्या बांधासारखा भरवसा आहे.

आपल्या तालुक्यात माकणीला तेरणेवर निम्न तेरणेचे धरण आहे. धरण हे शत्रू नव्हे. त्याच्या पाण्यावर पिके उभी आहेत. पण धरणावर रात्री कोण असतो? पावसाळ्यात पाण्याची पट्टी वाचणारा, दरवाजाच्या चाकाला तेल घालणारा, बरगे काढायला पाण्यात उतरणारा माणूस कायमचा आहे की रोजंदारीवरचा? त्याची जागा भरलेली आहे की रिकामी? त्याने मध्यरात्री फोन केला तर गावात तो कोण उचलतो? उचलणाऱ्याने भोंगा दिला आणि पाणी आलेच नाही, तर दुसऱ्या दिवशी गाव त्याला चहा पाजणार की शिव्या देणार? तुम्हाला वाटेल, युनियनचा माणूस शेवटी नोकरभरतीवर आला! होय, आलो. तीस वर्षे मी हेच सांगत आलो आहे की पहारेकऱ्याची जागा रिकामी ठेवून वाचवलेला पगार हा कधीच वाचत नाही. तो कोणाच्या तरी घरातून वसूल होतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत. या व्याख्यानमालेला जमलेल्यांपैकी दहा जणांनी एक दिवस काढावा. तेरणेच्या काठाने चालत जावे. कोणत्या बंधाऱ्याचे बरगे अजून बसलेले आहेत, कोणत्या पुलाच्या नळ्या बुजल्या आहेत, ते एका वहीत लिहावे. धरणावरच्या माणसाला भेटून त्याचे नाव आणि नंबर घ्यावा आणि आपला त्याला द्यावा. गावात पाणी आले तर कोणत्या उंचवट्यावर जायचे, तिथे चुन्याची एक ठळक खूण करावी, म्हणजे लहान पोरालाही दिसेल. गढवालच्या लोकांनी १८९४ साली हे केले, तेव्हा त्यांच्याजवळ एक तार आणि काही खांब यांपलीकडे काही नव्हते.

ज्या गावाला एक क्षणाचाही वेळ मिळाला नाही, त्या गावाला वेळाची किंमत मी सांगावी हे धारिष्ट आहे. ती तुम्हीच इतरांना सांगितली पाहिजे.